मुखपृष्ठावरची बाई

"सर, ही माझी मावशी आहे."

नव्या विद्यार्थिनीचं बोट तिने सहीसाठी आणलेल्या माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर होतं. मी चहाचा कप खाली ठेवला. नदीच्या मुखाशी वसलेल्या त्या दूरच्या प्रदेशाचा मी चोवीस वर्षं अभ्यास करतो आहे. तिथले पूर, स्थलांतर, बुडालेली गावं, यांवर माझा शब्द शेवटचा मानतात. प्रत्यक्षात तिथे राहिलो अकरा दिवस. बाकीचा सगळा अभ्यास याच खोलीत, पंख्याखाली.

"अरे वा! मग तू घरचीच की," मी म्हणालो.

ती हसली नाही. "सर, आत फोटोखाली लिहिलंय, पुरात नवरा गमावलेली स्त्री. पण काका तर होते! गेल्या वर्षी गेले, तेही दम्यानं."

माझी कानशिलं तापली. पण परिसंवाद गाजवलेल्या माणसाला सारवासारव करायला कितीसा वेळ लागतो?

"दुभाष्यानं काहीतरी घोळ घातला असेल," मी म्हणालो.

"असेल. मावशीला त्याचं काही नाही. तिनं एवढंच विचारलंय, काकांचा फोटो आहे का तुमच्याकडे? घरात त्यांचा एकही नाही. फोटो काढला त्या दिवशी ती आणि काका दोघंही दारातच उभे होते, म्हणते."

होतेच. मला लख्ख आठवत होतं. त्या माणसाने मला हात देऊन होडीतून उतरवलं होतं, स्वतःचा एकुलता एक कोरडा सदरा घालायला दिला होता. आणि फोटोच्या वेळी मीच दुभाष्याला म्हणालो होतो, "यांना जरा बाजूला व्हायला सांगा." बाई एकटी असली की फोटो बोलका वाटत होता. तो बिचारा हसत बाजूला झाला. पुढे फोटोखालची ओळ लिहिताना मी त्याला मारूनच टाकलं, आणि त्याच पुस्तकावर प्राध्यापक झालो. मला स्वतःची शिसारी आली.

कपाट उपसून मूळ फोटो काढला. डाव्या कडेला दाराची चौकट धरलेली चार बोटं होती. मुखपृष्ठासाठी तेवढीही मी कापायला लावली होती.

"दुभाष्याची काही चूक नव्हती," मी म्हणालो. "मीच त्यांना बाजूला केलं. ते जिवंत आहेत हे मला माहीत होतं."

ती फोटो घेऊन खिडकीपाशी गेली. तिने तो उजेडात धरला. आता ही मला फैलावर घेईल असं वाटलं. घ्यायलाच हवं होतं.

"करंगळी वाकडी आहे," ती शेवटी म्हणाली. "काकाच आहेत. हा नेऊ का, सर?"

मी मान डोलावली. तिने फोटो वहीत जपून ठेवला आणि ती गेली. सही घ्यायला आणलेलं पुस्तक माझ्या टेबलावर तसंच राहिलं.