हवालदाराची वाटी

टरफल. बोटाच्या पेराला चिकटलेलं, राळ्याच्या दाण्याचं, बदामी, चकचकीत आणि आतून पोकळ… चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून अठरा वर्षं भिंगं घासल्यावर बारीक वस्तू निरखायची डोळ्यांना खोडच लागते. नाहीतर सकाळच्या घाईत टरफलाकडे कोण बघतं? पिंजऱ्यातली वाटी काठोकाठ भरलेली होती. कालही भरलेली दिसली होती, परवाही, आणि भरलेली दिसली म्हणून दोन्ही दिवस वाटीला हात न लावता ती दुकानात निघून गेली होती. आता तिने वाटीवर हलकेच फुंकर मारली आणि सगळी वाटी उडाली. तिच्या पदरावर, फरशीवर, पिंजऱ्याच्या तारांवर टरफलंच टरफलं झाली. तळाशी एकही दाणा नव्हता.

वरच्या दांडीवर हवालदार पिसं फुलवून बसला होता. डोळे अर्धे मिटलेले, शेपटी श्वासागणिक खालीवर होत होती. हिरवागार, वीतभर लांबीचा बजी, पोपटाचीच छोटी जात. शेजारचे सगळे त्याला लव्हबर्ड म्हणत, आणि पक्ष्यांच्या डॉक्टरने ती चूक सुधारल्याचा शेजाऱ्यांवर काडीचा परिणाम झाला नव्हता. नाव बाबांनी ठेवलेलं. जन्मभर शाळेत कवायत शिकवलेल्या माणसाला दुसरं नाव सुचणार तरी कुठून? आणि पक्षी आणला दादाने, ‘बाबांना सोबत होईल’ म्हणून. पिंजरा ठेवला, फोटो काढला आणि विमानात बसून चालता झाला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्यात दादाचा हात कुणी धरणार नाही. आता आठवड्यातून एकदा तिथून फोनवर सांगतो, बाबांना प्रोटीन दे, प्रोटीन महत्त्वाचं आहे… जसं काही इथे ती त्यांना माती घालत होती.

“बाबा, याला दाणे शेवटचे कधी घातलेत?”

बाबा टेबलाशी बसले होते. समोर ताटात उकडलेलं अंडं, वाटीत डाळ, पावाचा एक तुकडा. ताटाशेजारी तिचं मनगटी घड्याळ.

“परवा सकाळी. बंद केलेत मी दाणे.”

“बंद?”

“डॉक्टरच म्हणाला ना, दाणे कमी करा, ताजं द्या. सगळं ठेवलंय त्याच्यापुढे. भूक लागली की खाईल मुकाट.”

भूक लागली की खाईल मुकाट… हे वाक्य तिला शब्दांनी कळलंच नाही, चवीने कळलं. थंडगार दुधीची चव, वर तेलाचा पांढुरका थर धरलेला. आठ वर्षांची ती, समोर ताट, आणि ताटाशेजारी बाबांचं काळ्या पट्ट्याचं घड्याळ, काढून, काटे तिच्याकडे करून ठेवलेलं. वीस मिनिटं. वीस मिनिटांत ताट स्वच्छ झालं नाही की ते कपाटात जायचं आणि रात्री तेच्या तेच पुढ्यात यायचं. बाबा ओरडत नसत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते तिच्या डोक्यावरून आईकडे बघत आणि शांतपणे म्हणत, भूक लागली की खाईल मुकाट. आणि आई भांडी घासत राही, नको तितक्या जोराने. काय गुन्हा केला होता मी? दुधी आवडत नव्हता, एवढंच ना? आणि आई, तुझ्या तोंडाला काय झालं होतं गं तेव्हा? एकदा तरी म्हणायचं होतंस, राहू द्या तिला… आता कुणाला विचारू.

“मरेल तो!” ती म्हणाली. “डॉक्टरने दहादा बजावलं होतं, एकदम बंद करू नका. तुम्ही होतात तिथे. तुमच्यासमोर सांगितलं.”

बाबांनी चमचा उचलला आणि पुन्हा ठेवला.

खरोखरच दहादा सांगितलं होतं. डॉक्टर पोरसवदा, बोलघेवडा. हवालदाराला मुठीत धरून त्याच्या छातीवर फुंकर मारली, पिसं बाजूला झाली आणि खालची चरबीची गाठ दिसली. नुसते दाणे खाऊन होतं असं, म्हणाला. कोथिंबीर द्या, पालक द्या, गाजर किसून द्या, मोड आलेले मूग द्या. आणि आठवड्यातून दोनदा चिमूटभर उकडलेलं अंडं, बिनमिठाचं. चिमूटभरच, बरं का, प्रेम उतू जाऊ देऊ नका. पण दाणे हळूहळू कमी करायचे. यांना भरल्या वाटीपाशी उपाशी मरता येतं. समोर आहे ते अन्न आहे हेच त्यांना ठाऊक नसतं. आपल्या थव्यातलं कुणीतरी ते खाताना दिसलं की मग धीर होतो. तुम्ही त्याच्यासमोर बसून खा… तिला तेव्हा हसू आलं होतं. समोर बसून खा! तिचं स्वतःचं खाणं म्हणजे ओट्याशी उभ्याउभ्या, एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातात डब्याचं झाकण.

तिने डॉक्टरला फोन लावला. आधी दाणे घाला, तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता, पिंजरा उबेत ठेवा. आणि नुसती वाटीत चोच घातली म्हणजे खाल्लं असं धरू नका, दाणा फोडल्याचा आवाज ऐका. तासाभरात आवाज आला नाही तर तडक घेऊन या.

“दाण्यांचा डबा कुठंय?”

बाबांनी कपाटाकडे बोट दाखवलं. डबा त्यांच्या लोकरी टोपीच्या मागे होता, वरच्या फळीवर. लपवलेला! शिस्त म्हणे. पक्ष्याशीसुद्धा यांची कवायत सुटत नाही. नोकरी संपली, बायको गेली, दात गेले, अंगावरचं अकरा किलो मांस गेलं, पण शिट्टी काही तोंडातून जात नाही. राग इतका आला होता की वाटी भरताना मूठभर दाणे जमिनीवर सांडले आणि ते तिने तसेच पायाने बाजूला लोटले. पिंजरा उचलून खिडकीतल्या उन्हात ठेवला. हवालदाराने एक डोळा उघडला, वाटीकडे पाहिलं, पुन्हा मिटला.

खा ना रे. आता तू तरी खा.

हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिने पिंजऱ्याखालचा ट्रे ओढला. वर कोथिंबिरीच्या सुकलेल्या काड्या, दोन-चार मूग. कागद उचलला तर तो जड लागला. खाली आणखी एक कागद होता, आणि दोन्हींच्या मध्ये नीट दाबून बसवलेलं अंडं. चिमूटभर नव्हतं, अख्खं. नाही, दोन. पिवळा बलक सुकून भेगाळलेला, पांढरा भाग रबरासारखा झालेला. आणि डाळ, हळदीची, मिठाची, जी तिने पक्ष्याला कधी दिली नव्हती, देणं शक्यच नव्हतं. आणि पावाचे तुकडे, कडेला दातांच्या अर्धवट खुणा असलेले.

तिने ते बराच वेळ बघितलं. भिंगाला चरा पडला की आधी विश्वास बसत नाही, मग तिरपं करून बघावं लागतं, तसं.

म्हणजे ताट स्वच्छ होत होतं ते असं. आणि परवाच तिने दादाला फोनवर सांगितलं होतं, जरा तोऱ्यातच सांगितलं होतं, की आता बाबा सगळं संपवतात. मी समोर बसते, वीस मिनिटं देते, दुसरा उपायच नाही त्यांच्यापुढे. मग ती घड्याळ उचलायला यायची तोवर ताट लख्ख. शाबास, ती म्हणायची. शाबास बाबा! मध्ये फक्त दोन मिनिटं ती डबा भरायला आत जात असे.

दाणे बंद केले ते शिस्तीसाठी नव्हेच. भुकेला हवालदार पुरावाच गिळून टाकेल, असा म्हाताऱ्याचा हिशेब. आणि हवालदार असा इमानी की चोच लावली नाही, म्हणून सगळं कागदाखाली दाबावं लागलं.

कंपासपेटी… कर्कटकाच्या खाली कागदात गुंडाळलेला दुधी. तीन दिवस कुणाला कळलं नव्हतं. चौथ्या दिवशी वर्गात पेटी उघडली आणि मुंग्या.

तिने ट्रे टेबलावर आपटला, ताटाशेजारी. “हे काय आहे?”

बाबांनी ट्रेकडे पाहिलंच नाही. ते घड्याळाकडे बघत होते.

“अजून सात मिनिटं आहेत,” ते म्हणाले.

दोन्ही हातांनी त्यांनी ताटाची कड धरून ठेवली होती. कवायतीच्या मैदानात सातशे मुलं ज्या हातांच्या इशाऱ्यावर वळत, ते हे.

“घशाखाली उतरत नाही गं.”

“मग सांगायचं होतं!” ती ओरडली. इतक्या मोठ्याने की हवालदार दांडीवर सरकला. “सांगायचं होतं मला! तोंड नव्हतं तुम्हाला?”

“तू समोर बसतेस,” बाबा म्हणाले.

एवढंच. आणि तिला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं, कारण हे वाक्य तिचं होतं. चाळीस वर्षं जपून ठेवलेलं, त्यांना एकदा ऐकवायचं म्हणून. आणि बाबाच ते आधी म्हणून मोकळे झाले. आता ती काय म्हणणार? माझाही घास उतरत नव्हता? घड्याळ तिने कधी, कोणत्या सकाळी मनगटावरून काढलं, काटे त्यांच्याकडे करून कधी ठेवलं, आठवत नव्हतं. कुणी शिकवलं नव्हतं. हात आपोआप गेला होता. राग तसाच होता, उकळता, घशापर्यंत. बाबांवर होता, दादावर होता, भांडी घासणाऱ्या आईवर होता, आणि आता त्या रांगेत ती स्वतःही येऊन उभी राहिली होती, सावधानमध्ये.

तिने घड्याळ उचललं आणि उलटं करून ठेवलं. मग खुर्ची ओढली. समोरची नाही, त्यांच्या शेजारची. ताटातलं अंडं घेतलं, अर्धं तोडलं आणि तोंडात घातलं. कोरडं, घशाला चिकटणारं. इतके दिवस हे आपण यांना रोज देतो आणि एकदाही चाखलं नाही. ती चावत राहिली, भिंतीकडे बघत, रागाने, जबडा दुखेपर्यंत. उरलेलं अर्धं ताटात पडून होतं. त्याच्याकडे बघायचं नाही. खिडकीकडेही नाही.

फोन वाजला, दुकानाचा असणार, वाजून थांबला.

मग कुठेतरी टक् असा बारीक आवाज झाला. दाणा फुटला असेल, किंवा शेजारी चमचा वाटीला लागला असेल. तिची मान वळायला निघाली होती. तिने ती तशीच ताठ धरून ठेवली आणि चावत राहिली.