एंटरवरची पट्टी

तक्रार तीनदा आली आणि तिन्ही वेळा त्याने ती बंद करून टाकली. कंपनीचा चॅटचा प्रोग्राम त्याने स्वतः लिहिलेला. त्या प्रोग्रामला कोणी नावं ठेवलेली त्याला खपत नसत. जपानी ग्राहकांना उत्तरं देणाऱ्या बाईंचे निरोप म्हणे अर्धवट जात होते. त्याने लिहून पाठवलं, 'प्रोग्राम ठीक आहे. वापरणाऱ्याने घाई करू नये.'

चौथ्यांदा साहेबांनी त्यालाच खाली पिटाळलं. "बाईंना शिकवून ये. नाहीच जमलं तर सोमवारपासून त्यांना गोदामात पाठवतो."

बाई त्याच्या आईच्या वयाच्या. त्याला पाहून उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या एंटरच्या बटणावर जखमेवर लावतात ती पट्टी चिकटवलेली होती, आणि पडद्याच्या कडेला त्याचंच उत्तर छापून डकवलेलं.

"हात आवरावा म्हणून लावली," बाई म्हणाल्या. "तरी चुकतंच हो माझं. वय झालं."

"एकदा टाइप करून दाखवता?"

त्यांनी एकेक बटण दाबत उच्चार टाइप केला. अक्षरं उमटली, त्यांच्याखाली रेघ आली, मग त्या उच्चाराच्या शब्दांची यादी उघडली. हवा तो शब्द पक्का करायला बाईंनी एंटर दाबला. जपानी टाइप करणारे सगळे दाबतात तसाच. आणि निरोप 'आपला माल' एवढ्यावरच निघून गेला.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एंटर शब्दासाठी होता. शब्द अजून जुळतोय का, हे न बघताच त्याचा प्रोग्राम निरोप धाडून मोकळा होत होता. दुरुस्ती एका ओळीची होती. त्याने वर आपल्या जागेवर जाऊन ती केली, परत खाली आला, आणि बाईंचा पुढचा निरोप अख्खा गेला.

तेवढ्यात साहेब डोकावले. "काय, शिकल्या का बाई?"

"शिकल्या," तो बोलून गेला.

"शाब्बास," म्हणत साहेब वळले.

"तुमचे उपकार झाले," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा घाईची सवय लागू नये म्हणून त्यांनी अंगठ्याने पट्टी घट्ट दाबून बसवली.

ते त्याला बघवेना. "साहेब, थांबा," तो म्हणाला. "बाईंचं काही चुकत नव्हतं. चूक माझ्या प्रोग्रामची होती, आणि तिन्ही तक्रारी न बघता मीच बंद केल्या."

साहेब बराच वेळ बोलत होते. त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं. बाई मात्र त्याच्याकडे न बघता, नखाने पट्टी सोलत राहिल्या.