ओले बाण

ज्या दिवशी तळावरची माणसे माझ्या मालकाला ‘अबान’ म्हणू लागली, त्या दिवशी रानभर कळले की त्याची बायको गेली. बोर्निओच्या रानात राहणाऱ्या आम्हा पेनान लोकांत विधुराला हेच नाव मिळते. गेलेल्या माणसाचे नाव मात्र कोणी घेत नाही, म्हणून मीही घेणार नाही.

मित्रांनो, मी एक जुनी फुंकनळी आहे. कठीण लाकडाचा दांडा उभा बांधून मालकाने मला लोखंडी सळईने आरपार कोरले. भोकात वरून पाणी त्याच्या बायकोने ओतले. टोकाला वेताने भाल्याचे पाते बांधले. माझ्यातून सुटलेल्या विषारी बाणांनी माकडे, हरणे, डुकरे तडफडून मेली. तळावर सर्वांनी मांस वाटून खाल्ले आणि माझे कौतुक केले.

त्या सकाळी ती म्हणाली, “पावसात भाता भिजलाय. बाण शेकोटीवर धर, नवा विषारी चीक लाव. का डुकराला नुसत्या गुदगुल्या करणारेस?”

“तू आपलं सागू तुडव. डुकराचं मी बघतो.”

“बघ बाबा. चढायला झाड तेवढं जवळचं निवड.” सागूच्या झाडाचा गर तुडवून पीठ काढायला ती हसत ओढ्याकडे गेली.

बाण डुकराच्या बगलेत घुसला. मालक नेहमीसारखा थांबला. विष भिनेपर्यंत आमच्यात कोणी मागे धावत नाही. पण विष धुऊन गेले होते. चवताळलेले डुक्कर ओढ्याकडे सुटले. किंकाळी ऐकून आम्ही पोहोचलो, तेव्हा सुळ्यांनी तिची मांडी हाडापर्यंत फाडली होती. सागूचे पांढरे पीठ लाल झाले होते. तिने तिथेच मान टाकली.

त्यानंतर अबानने बाण घेतलेच नाहीत. दलदलीत डुक्कर दिसताच त्याने मला भाल्यासारखे खुपसले. पुन्हा पुन्हा खुपसले. ते किंचाळत होते, रक्त माझ्या नळीत शिरत होते. ते मेल्यावरही तो थांबेना.

शेवटी त्याच्या म्हाताऱ्या मामाने, सेलायने, त्याचा हात धरला. डुकराची बगल चाचपली. “अरे, बाणाची खूणच नाही. हे ते नव्हे, पोरा.”

“मग ते कुठंय?”

“बायका जातात त्याच रानात.”

मित्रांनो, हत्यार कोरडे ठेवा. ते भिजले आहे असे घरातल्या कोणी सांगितले, तर ऐका. रक्त वाळून माझी नळी बुजली आहे. उद्याही बायका ओढ्यावर सागू तुडवायला जातील. ते डुक्कर मारायचे राहिले आहे.