गालातली गोळी

बायको गेल्याचं मला मेव्हण्याने दार ठोठावून सांगितलं. दवाखान्याने आधी मलाच फोन केले होते, पण मी दारू पिऊन पडलो होतो.

साथीत व्यसनमुक्ती केंद्र बंद झालं, तेव्हा मला रोज समोर बसवून दारू सोडवायची गोळी द्यायचं काम तिथल्या डॉक्टरांनी तिच्यावर सोपवलं. "आ करा. जीभ वर. शहाणं माझं बाळ ते!" म्हणत ती हसायची. मी गोळी गालात दाबून ठेवायचो आणि नंतर मोरीत थुंकायचो. तापाने फणफणत दवाखान्यात जातानाही तिने गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात दिलं. "चुकवू नका हं," म्हणाली.

"बाबा, दवाखान्याचा फोन लागलाच नसेल. तुम्ही तरी काय करणार?" मुलगी म्हणते. मी मान हलवतो. तिला खरं सांगायचं अजून राहिलं आहे.