तबकातला नकाशा

मी खोटं बोलले होते, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी माझी कीव करायला नको. चाळीस मिनिटांचं काम मी दहा दिवस टाळलं, आणि विचारल्यावर 'टाकला' म्हणाले. त्या एका शब्दावर माझा नवरा माझ्या नातीला घेऊन बेतवेच्या पाण्याकडे गाडी हाकत गेला.

आमचं घर झाशीत, ओरछा गेटाजवळच्या गल्लीत. पूर्वज फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांची एक तलवार आमच्याकडे उरली आहे आणि मराठी अर्धी उरली आहे. माझी नात रुचिरा पुण्याची, अकरा वर्षांची. ती मला म्हणते, "आजी, तू मराठी बोलतेस की हिंदी?" मी म्हणते, "मी झाशी बोलते, तू जेव गुपचूप."

माझे यजमान वामनराव इंटर कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झाले. नकाशा म्हटलं की यांचा जीव. आमची गाडी दहा वर्षांची आहे, तिच्यात कंपनीनेच बसवलेला नकाशाचा पडदा आहे. फोनवरचा नकाशा यांना चालत नाही. "फोनला टॉवर लागतो, गाडीला तोंडपाठ असतं," हे यांचं पेटंट वाक्य. पण पाठांतर जुनं होतं ना! म्हणून आमचा मुलगा सुबोध पुण्याहून वर्षातून दोनदा नवा नकाशा पेनड्राइव्हवर घालून पाठवतो. तो गाडीत घालायचा, इंजिन चालू ठेवायचं आणि चाळीस मिनिटं हलायचं नाही. मध्येच बंद केलं तर सगळं पहिल्यापासून. हे काम माझ्या गळ्यात पडलंय. गल्लीत गाडी घुरघुरत ठेवून मी आत बसते आणि येणाराजाणारा विचारतो, "चाचीजी, कहीं जा रही हैं?" कुठे जाणार, कपाळ माझं!

आणखी एक सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलं. नकाशा जुना झाला की हे दर तिठ्यावर काच खाली करतात आणि विचारतात, भैया, रस्ता यही है ना? नवा टाकला की मग कुणाच्या बापाला विचारत नाहीत.

या वेळचा पेनड्राइव्ह रुचिराच्याच हातून आला, दसऱ्याच्या सुटीत. मी आज करते, उद्या करते करत राहिले. फराळाचं होतं, घटाचं होतं, गुडघे होते. खंडेनवमीला तलवार, अडकित्ता, शिवणयंत्राची कात्री, गाडीची किल्ली असं सगळं तबकात मांडलं आणि त्यात तो पेनड्राइव्हही ठेवला. म्हटलं, यंत्र ते यंत्र, त्यालाही हळदकुंकू लागू दे. ठेवल्यावर आठवलं. आमच्याकडे पूजेत ठेवलेलं हत्यार दसऱ्याला सोनं घरी येईपर्यंत उचलत नाहीत. किल्ली तेवढी हे उचलतात, सीमोल्लंघनाला गाडी लागतेच म्हणून. बाकी कशाला हात लावायचा नाही. माझ्या सासूबाईंनी एकदा दोन दिवस सुपारी दातांनी फोडली होती, पण अडकित्ता उचलला नव्हता.

दसऱ्याच्या दुपारी हे निघताना दारातून विचारते झाले, "इंदू, नकाशा टाकलास ना? येताना मोठकडून यायचंय."

आमच्यात सीमोल्लंघनाला जायची वाट एक आणि यायची वेगळी. गुरसरायला आमच्या भाऊबंदांच्या शेतावर आपट्याचं झाड आहे, तिथून सोनं आणायचं, आणि परतताना दुसऱ्या रस्त्याने यायचं, या वेळी मोठ गावावरून. खरं सांगितलं असतं तर यांनी अर्धा तास ऐकवलं असतं, तेही नातीसमोर. आणि मी मनात म्हटलं, खेड्यापाड्यातले रस्ते बदलून बदलून बदलणार किती?

"टाकला, टाकला," मी म्हणाले.

"शाब्बास," हे म्हणाले. रुचिरा पुढच्या सीटवर बसली आणि तिने मला हात केला.

सव्वासहाला शेजारचा देवेंद्र पान घेऊन आला. इकडे दसऱ्याला एकमेकांना पान देतात. त्याचं कानपूर रोडवर टायरचं दुकान आहे, त्यामुळे कुठला रस्ता उखडला आणि कुठला नवा झाला, हे त्याला ड्रायव्हरांकडून रोज कळतं.

"बाबूजी कहाँ हैं, चाचीजी?"

"गुरसरायला. सोनं आणायला. मोठकडून येतायत."

त्याचा पानाचा हात तसाच राहिला. "मोठ से? कुड़ेरी घाट के रपटे से तो नहीं?"

"मला काय माहीत? गाडी सांगेल तसे येतील."

"चाचीजी, वो रपटा तो भादों में बह गया। आधा है, आधा नहीं है। अब नया पुल चालू है, दो कोस ऊपर।" मग माझ्याकडे बघून तो घाईने म्हणाला, "पर नए नक्शे में पुल आ गया है। मैंने कल ही एक गाड़ी में देखा। आपने तो डाल ही दिया होगा।"

घाट म्हणजे इकडे बेतवेचा काठ, आणि रपटा म्हणजे नदीतला बुटका पूल, कठडे नसलेला, पाण्याला टेकलेला. उन्हाळ्यात त्यावरून म्हशी जातात. धरणाचं पाणी सोडलं की तो बुडतो.

मी देवघराकडे वळून पाहिलं. तबकात तलवारीशेजारी तो पेनड्राइव्ह होता. त्याच्यावर झेंडूची पाकळी होती, कुंकवाचं बोट होतं. मी उंबऱ्यावर बसले.

"नाही टाकला," मी म्हणाले. "देवेंद्र, मी नाही टाकला रे. आणि मी सांगितलंय टाकला म्हणून. ते आता कुणाला विचारणारसुद्धा नाहीत."

त्याने पान कोनाड्यात ठेवलं आणि फोन काढला. मी यांना लावला. एकदा पूर्ण वाजला. यांची सवय मला माहीत होती, गाडी चालवताना फोन समोरच्या कप्प्यात टाकून झाकण लावतात. पुन्हा लावला तर बाई म्हणाली, कवरेज क्षेत्र से बाहर. पुन्हा तेच. मी त्या बाईला असल्या शिव्या दिल्या की देवेंद्र माझ्याकडे बघतच राहिला.

"रपट्यावर काही लावलं असेल ना? दगड, पाटी, काहीतरी?"

"बबूल के काँटे डाल रखे हैं। पर बालू की ट्रॉली वाले हटा देते हैं।"

गुरसरायच्या बाजूला घाटाच्या वळणावर त्याच्या मामाची चहाची टपरी होती. त्याने मामाला फोन लावला. मामा टपरी बंद करून मोठला रावण बघायला गेला होता. सगळं गावच गेलं होतं. रस्त्यावर हात करायला कुणी माणूस नाही, आणि बाहेर अंधार पडत चाललेला. देवेंद्र ओरडला, "मामा, मोटरसाइकिल उठाओ, अभी के अभी!" मामा निघाला. मोठहून नव्या पुलावरून घाट वीस मिनिटं.

मी हिशेब करायला लागले. पाचला निघाले असतील. भाऊबंद चहाला थांबवतात. साडेपाच धरू. देवा, त्यांनी यांना जेवायला बसवू दे. आयुष्यभर त्या लोकांच्या आग्रहाला मी नावं ठेवली, आणि आज हात जोडून म्हणत होते, थांबवा हो, अजून एक पुरी वाढा.

तेवढ्यात सुबोधचा फोन आला. "आई, रुचिरा आली का परत? तिच्याशी बोलायचं होतं."

'येतीलच' हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. अगदी तयार. दुपारी 'टाकला' जसं तयार होतं तसंच. माझी मलाच किळस आली.

"सुबोध, मी नकाशा टाकला नाही," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. रपटा सांगितला, तबक सांगितलं.

तो म्हणाला, "ठेव फोन. लाइन मोकळी ठेव." 'आई' म्हणाला नाही.

बाहेर मैदानावर रावण पेटला. आमच्या गल्लीत त्याचे आवाज आदळतात. एकेक बार झाला की मला गाडी पाण्यात पडलेली दिसायची. रुचिराला पोहता येतं, मी स्वतःला सांगत होते, पुण्यात तलावात शिकली आहे. पण बंद गाडीत पोहणं काय कामाचं? त्या जुन्या गाडीचा पट्टा अडकतो, तिला सोडता येत नाही. जाताना मीच तो ओढून घट्ट लावला होता.

मी उठून देवघरात गेले. तो पेनड्राइव्ह उचलून फेकून द्यावा म्हणून हात पुढे केला आणि मागे घेतला. सोनं घरी यायचं होतं अजून. इतकं होऊनही हात मागे घेतला, याचा मला असा संताप आला की मी तिथेच रडायला लागले.

देवेंद्रचा फोन वाजला. त्याने तो कानापासून जरा लांब धरला, म्हणून मलाही ऐकू आलं. मामा धापा टाकत होता. "एक सफेद गाड़ी अभी मुड़ी है घाट की तरफ। हमने बहुत चिल्लाया, रुकी नहीं। जा रहे हैं पीछे..." आणि फोन कट झाला.

आमची गाडी पांढरी आहे.

त्यानंतरची वीस मिनिटं मी कशी काढली ते मला विचारू नका. देवेंद्र अंगणात येरझाऱ्या घालत होता आणि मी मोठ्याने बोलत होते, काय ते आठवत नाही. तो नंतर म्हणाला, तुम्ही सारखं एकच म्हणत होतात, 'अहो, विचारा ना कुणाला तरी.'

मग फोन वाजला. देवेंद्रने ऐकलं, तोंडावर हात धरला आणि फोन माझ्या कानाला लावला.

"आजी," रुचिरा म्हणाली, "सोनं माझ्याकडेच आहे. भिजलं नाही."

मी भुईवर बसले. किती वेळ हसत होते की रडत होते कुणास ठाऊक.

नऊला ती दोघं मामाच्या ओळखीच्या माणसाच्या जीपमधून घरी आली. गाडी घाटावरच राहिली. पुढचं एक चाक तुटल्या काठावरून खाली लोंबत होतं, ट्रॅक्टर आणून उद्या काढणार होते. यांचा चेहरा राखेचा झाला होता. एका दिवसात हे दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. मी रुचिराला कुशीत घेतलं आणि तिचे हात, पाय, मान, सगळं चाचपून पाहिलं.

तीच भडाभडा सांगायला लागली. "आजी, तूच म्हणतेस ना, बेतवा आली की नाणं टाकायचं, म्हणून मी काच खाली केली. तर पाणी एकदम जवळ वाजत होतं. मी म्हटलं, आजोबा थांबा, पाणी खूप जवळ आहे. आजोबांनी ब्रेक दाबला आणि गाडी खाली वाकली!" मग म्हणाली, "त्याच्याआधी एक मोटरसायकलवाला केवढा ओरडत होता. आणि काटे पण होते रस्त्यात, बाजूला ओढलेले. मी म्हटलं, आजोबा, त्यांना विचारू या का? तर आजोबा म्हणाले, कशाला? आजीने नवा नकाशा टाकलाय. ती टाकला म्हणाली म्हणजे टाकला."

यांनी रुचिराच्या हातातून आपट्याची पानं घेतली. दरवर्षी पहिलं सोनं हे मला देतात, लग्नापासून. हात माझ्याकडे आला.

"कंपनीला मी पत्रच लिहिणार आहे," हे म्हणाले. "नवा नकाशा आणि त्यात वाहून गेलेला रपटा? पोरीचा जीव गेला असता."

देवेंद्र जमिनीकडे बघत होता. तो काही बोलला नसता. सुबोधलाही मी पढवू शकले असते. पत्र गेलं असतं, उत्तर आलं असतं किंवा नसतं.

"पत्र लिहू नका," मी म्हणाले. "मी नकाशा टाकला नव्हता. तो तबकात आहे. मी तुमच्याशी खोटं बोलले."

यांनी तबकाकडे पाहिलं. मला वाटलं ओरडतील, ओरडायला हवं होतं. मी वाट पाहत होते. हे देवघरात गेले आणि हातातलं सोनं तलवारीवर ठेवलं. सोनं घरी आलं होतं, आता काहीही उचलायला हरकत नव्हती. यांनी पेनड्राइव्ह उचलला, धोतराच्या सोग्याने त्याचं कुंकू पुसलं आणि खिशात घातला.

चौथ्या दिवशी गाडी दुरुस्त होऊन आली. हे चाळीस मिनिटं इंजिन चालू ठेवून गल्लीत एकटेच बसले. मी चहा घेऊन गेले, तो घेतला. काच मात्र वर केली.

आता सगळं पूर्वीसारखं आहे. हे माझ्याशी बोलतात, हसतात, भाजीला नावं ठेवतात. मी म्हणाले दार लावलं, तर हे मान हलवतात. मग मी अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकते. हे हळूच उठतात, मला जाग येऊ नये म्हणून चपला हातात घेतात, आणि जाऊन कडी बघून येतात.