कडू घासाची कढई

मी एक जुनी लोखंडी कढई आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझं बोलणं खरखरीत आहे. गोड गोष्ट हवी असेल तर एखाद्या चांदीच्या वाटीकडे जा.

गंगापूरच्या आठवडी बाजारात एका लोहाराने मला ठोकून घडवलं. कडुबा आणि गीताबाई ही नवराबायको तेव्हा बजाजनगरला राहायला निघाली होती. कडुबाला वाळूजच्या एका कारखान्यात काम लागलं होतं. गीताबाईने मला टिचकी मारून वाजवून पाहिलं आणि जीपमधून मांडीवर घेऊन आली.

सकाळी डब्याला बटाट्याची भाजी ठरलेली. तेल तापलं की मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हळद, तिखट, मग फोडी. वर ताट झाकायचं आणि ताटात पाणी ठेवायचं, म्हणजे बटाटा वाफेवर शिजतो. तळाला लागलेली खमंग खरवड कोणी खायची, यावरून घरात भांडणं व्हायची. माझे ते दिवस खरंच सुखाचे होते.

आमच्या गल्लीत कोणी जालन्याचं, कोणी बीडचं, कोणी परभणीचं. सगळ्यांची भावकी लांब. ज्या घरात माणूस जातं तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही, जेवण दुसऱ्याच्या घरून येतं. त्याला कडू घास म्हणतात. गावाकडे तो भावकी आणते. इथे कोण आणणार? गीताबाईने ते काम आपण होऊन अंगावर घेतलं. कोणाकडे मयत झाली की ती मला शेगडीवर चढवायची. त्या दिवशी तिखट कमी आणि फोडी बारीक. "रडून रडून घसा बसलेला असतो मानसाचा, घास गिळवत नाय," असं म्हणायची. समोरच्या सुलेखाचे सासरे गेले तेव्हा तिने सुलेखाला स्वतःच्या हाताने भरवलं होतं.

कडुबा कधी कधी चिडवायचा, "लोकांचं लई करतीस. आपल्या येळंला कोन येतंय ते बघ."

"येतील की. मानसंच हायेत," एवढंच ती म्हणायची. तिचा त्यावर पक्का विश्वास होता. खोटं कशाला बोलू, माझाही होता.

पुढे मुलाचं, राजेंद्रचं लग्न झालं. घरात न चिकटणारी भांडी आली. त्यांना म्हणे तेल कमी लागतं. मला भिंतीच्या खिळ्याला टांगलं, आणि मी फक्त मयतीपुरती उरले. शेजारच्या तनुजाकडे बारसं होतं, तेव्हा गीताबाई मला घेऊन मदतीला गेली. तनुजा दारातच म्हणाली, "काकू, ही नको. ही कढई तसल्या कामाची आहे ना." गीताबाई हसली आणि मला घरी ठेवून परत गेली. तिला ते हसण्यावारी नेता आलं, मला नाही आलं. तुमच्या दुःखात चालते आणि तुमच्या बारशाला विटाळते, ही कुठली रीत?

मग एके दिवशी सकाळी चहा पिता पिता कडुबा गेला.

गल्ली आली, हात जोडून गेली. मोबाइलवर भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागली. गावाकडची माणसं स्मशानातून परस्पर एसटी गाठायला निघाली. संध्याकाळी घरात गीताबाई, राजेंद्र, सून आणि लहानगी नात सृष्टी, एवढीच उरली.

"आजी, भूक लागली," सृष्टी म्हणाली.

"थांब बाई. येतंय आता," गीताबाई म्हणाली. तिची नजर दारावर होती. मी खिळ्यावरून बघत होते. समोरून सुलेखाच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. भाताचा वास आला, भात मात्र आला नाही.

राजेंद्रने मोबाइल काढला. "आई, हॉटेलातून मागवू का?"

"कडू घास हाटेलातनं येतो व्हय? येतील कोनी तरी."

कोणी आलं नाही. सृष्टी रडायला लागली, तेव्हा गीताबाई उठली. सून म्हणाली, "आई, आज शेगडी पेटवत नसतात." गीताबाई म्हणाली, "पोरीनं काय करावं मग?" तिने मला खाली काढलं, बटाटे सोलले, फोडी बारीक केल्या. ज्याच्या डब्यासाठी मला आणलं होतं, त्याला पोचवून आलेल्या दिवशी त्याच्या बायकोने माझ्यात फोडणी घातली. मीठ दोनदा पडलं. ती खारट भाजी घेऊन सगळे जेवायला बसले.

फोडणीचा वास गल्लीभर गेला आणि खिडक्या उघडल्या. "नवऱ्याला पोचवून आली न आली, लगेच फोडण्या सुरू," समोरून आवाज आला. तो सुलेखाचा होता. गीताबाईने ऐकलं आणि हातातला घास ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सुलेखा म्हणाली, "मला वाटलं, तनुजानं दिलं आसंल." तनुजा म्हणाली, "मी म्हटलं सुलेखाताईंनी केलं असेल." मेल्या लोखंडालाही लाज वाटेल अशी उत्तरं.

महिना झाला आणि गीताबाईने मला भंगारवाल्या फकिराच्या हातगाडीवर ठेवलं. फकिरा म्हणाला, "काकू, अच्छी कढई है, कुठं तुटली पण नाय. कशाला देताय?"

"घरात नको मला ती," ती म्हणाली आणि आत निघून गेली. मी तिच्यावर रागावले नाही. मी दिसले की तिला ती संध्याकाळ दिसत असणार.

आता मी फकिराच्या शेडमध्ये गंजत पडले आहे. मित्रांनो, मला घासा, तेल लावा, असं मी म्हणणार नाही. माझं आयुष्य झालं. पण शेजारी कोणी गेलं तर दोन बटाटे चिरा, भाजी करा आणि घेऊन जा. दुसऱ्या कोणी नेली असेल, असं म्हणून घरात बसू नका. दोन घरांतून आली तर फार तर काय होईल, भाजी उरेल. उरू द्या.