जुना प्रेक्षक

'दैत्यशोध'चा नवा भाग झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चष्मा चढवायच्या, फोन हातभर लांब धरायच्या आणि प्रेक्षकांची मतं मोठ्यानं वाचायला लागायच्या. बाकीची माणसं सकाळी बातम्या बघतात, हवामान बघतात. या बाईंना जगात कुठे काय पेटलंय यापेक्षा कालचा राक्षस लोकांना कसा वाटला याची काळजी जास्त. अर्थात त्याला कारण होतं. त्यांच्या दोन्ही सुना त्या मालिकेच्या लेखिका होत्या.

थोरली अकरा वर्षं लिहीत होती. विहिरीतला राक्षस तिचा, आरशातला तिचा, दात विकत घेणारा म्हातारा राक्षसही तिचाच. तो तिने नवऱ्याच्या दवाखान्यात बसून सुचवून घेतला होता, कारण नवरा दातांचा डॉक्टर. थोरली वरच्या मजल्यावर राहायची, धाकटी खाली सासूबाईंजवळ, पण सकाळचा चहा सगळ्यांचा खालीच व्हायचा. त्यामुळे मतं ऐकण्यातून कुणाची सुटका नव्हती.

"'एवढा सुंदर भाग या मालिकेत कित्येक वर्षांत झाला नाही,'" सासूबाईंनी वाचलं. त्यांना आवडलेलं वाक्य त्या दोनदा वाचत, म्हणून पुन्हा म्हणाल्या, "कित्येक वर्षांत हं."

ती कित्येक वर्षं कुणाची होती हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. थोरलीच्या मात्र आलं. तिने पावाला लोणी लावायला घेतलं आणि पावाला भोक पडेपर्यंत लावत राहिली. कालचा भाग धाकटीचा होता.

धाकटीला तिथे आणलं थोरलीनेच. लग्न होऊन आली तेव्हा ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि दिवसभर दुसऱ्यांच्या चुका बघून वैतागायची. थोरलीला दया आली. मॅडमना, म्हणजे मालिकेच्या निर्मातीला, ती म्हणाली की माझी जाऊ शुद्ध लिहिते, टिपणं काढायला ठेवून घ्या. मॅडमनी ठेवून घेतलं. टिपणं काढता काढता धाकटी मधेच एखादा संवाद सुचवायला लागली, मग एखादा प्रसंग, आणि वर्षभरात तिच्या नावावर अख्खा भाग. ओसरी द्यावी आणि पाहुण्यानं हातपाय पसरावेत, तसं झालं. पण खरं सांगायचं तर धाकटीने पाय पसरलेच नव्हते. ती बिचारी अंग चोरून बसली होती आणि तरी घर तिचं दिसायला लागलं होतं. थोरलीला राग त्याचाच होता. भांडखोर असती तर भांडता तरी आलं असतं.

शिवाय ती लिहिलेलं प्रत्येक पान आधी थोरलीला दाखवायची. "ताई, तुम्ही वाचल्याशिवाय मला धीर होत नाही," म्हणायची. आणि तिला खरंच व्हायचा नाही.

आता मालिका संपणार होती. शेवटचा भाग कुणी लिहायचा हे मॅडम आठवड्याभरात सांगणार होत्या. तो थोरलीचा हे इतकं ठरलेलं होतं की आजवर कुणी बोलूनसुद्धा दाखवलं नव्हतं. पण परवा मॅडम जाता जाता म्हणाल्या, "बघू या, प्रेक्षकांचा कल कुठे जातो ते." अकरा वर्षांत त्यांनी प्रेक्षकांचा कल कधी विचारला नव्हता. 

त्या दिवशी दुपारी लेखकांची खोली रिकामी होती. सगळे जेवायला गेले होते. दारात अडसर म्हणून ठेवलेला रबरी पंजा, फळ्यावर अर्धवट पुसलेले राक्षस, आणि थोरली एकटी. तिने मतं उघडली. दोनशेच्या वर होती. कुणी लिहिलं होतं, मी माझ्या आईला फोन केला. कुणी लिहिलं होतं, लेखिका कोण आहे ते शोधा आणि शेवटचा भाग तिलाच द्या.

हे शेवटचं मत वाचून तिचा जीव इतका जळला की तिला स्वतःचीच भीती वाटली. मग भीती गेली आणि नुसतं जळणं राहिलं. तिने 'जुना प्रेक्षक' नावाचं खातं उघडलं आणि लिहायला बसली. लिहिण्यात हात मुरलेला. मत असं उतरलं की बघत राहावं. मी पहिल्या भागापासून ही मालिका बघतो, असं सुरू केलं. राक्षसाच्या मालिकेत राक्षस कमी आणि नाक पुसणं जास्त झालं आहे, असं मधे टाकलं. आणि शेवटी नेमका घाव घालावा म्हणून एक प्रसंग धरला आणि त्याच्या चिंध्या केल्या. लिहून झाल्यावर तिला बरं वाटलं. चार वाजेपर्यंत बरं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी चष्मा चढवला. पहिलं मत गोड, दुसरं गोड. तिसऱ्याला त्या थबकल्या.

"हा कुणी मेला जुना प्रेक्षक आहे," त्या म्हणाल्या, आणि तरी वाचलंच, कारण वाईट मत वगळणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे. "'सगळ्यांत हास्यास्पद म्हणजे जिन्याखालचा प्रसंग. राक्षसाच्या गळ्यात त्या बाईच्या मेलेल्या नवऱ्याचा आवाज आहे. बाई म्हणते, मारण्याआधी त्याला एकदाच बोलू द्या. आणि आपला शूर शिकारी भाला बाजूला ठेवून पायरीवर बसतो! मग राक्षस नवऱ्याच्या आवाजात म्हणतो, दार लाव, वारा येतोय. आम्ही शिकार बघायला बसतो की सांत्वनाला?'"

सासूबाईंनी फोन खाली घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि चेहऱ्यावर गोंधळ होता.

"पण हे कधी दाखवलं?" त्यांनी विचारलं. "मी तेव्हा पाण्याला उठले होते की काय? शिकारी तर सरळ खाली गेला आणि त्यानं मारलं."

धाकटीचा नवरा म्हणाला की त्यानेही असं काही पाहिलं नाही. थोरलीच्या नवऱ्याने पाव चावत मान हलवली. धाकटीने कप बशीत ठेवला, तोही आवाज न करता.

आणि तेव्हा कुठे थोरलीच्या लक्षात आलं. तो प्रसंग दाखवला नव्हताच. दाखवणार कसा? तो मॅडमपर्यंत पोचलाच नव्हता. धाकटीने पहिल्या खर्ड्यात लिहून तिला एकटीला वाचायला दिला होता, याच टेबलापाशी. तेव्हा थोरलीने तो वाचला, दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना घसा दाटला म्हणून खोकल्याचं नाटक केलं. मग म्हणाली, "लांबतंय गं. शिकारी खाली बसला की सगळं बसतं. काढून टाक." धाकटीने काढून टाकला. तिने एवढं तरी विचारावं की नाही, का म्हणून? नाही. ताई म्हणाल्या म्हणजे झालं.

परवा सगळे मिळून भाग बघत होते तेव्हा थोरलीचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. ती सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती, त्यांना कुठे हुंदका येतो ते मोजत होती. भाग तिने मनातच पाहिला, आणि मनातल्या भागात तो प्रसंग होता. जो तिने स्वतःच्या हाताने कापायला लावला तोच तिला सर्वांत लख्ख आठवला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

बसमध्ये दोघी रोजच्यासारख्या शेजारी बसल्या. धाकटी खिडकीबाहेर बघत होती. एरवी ती उतरायचा थांबा येईपर्यंत बडबडायची, आज तिने फक्त तिकिटाचे पैसे पुढे केले. थोरली गारठा वाढलाय एवढंच म्हणाली.

कार्यालयात वेगळाच गोंधळ. प्रेक्षक 'जुन्या प्रेक्षका'वर तुटून पडले होते, पण त्याला शिव्या द्यायला नव्हे. हा प्रसंग कुठे आहे, असं विचारत होते. आमच्याकडे का दिसला नाही? कापला का? कुणी कापला? एकीने लिहिलं होतं, नुसतं वाचूनच मला रडू आलं, तो दाखवा. ज्या दगडाने धाकटीचं डोकं फोडायचं त्याच दगडाचा लोकांनी देव केला होता.

मॅडमनी धाकटीला आत बोलावलं आणि दार लावलं.

थोरली बाहेर बसली. काचेतून धाकटीची पाठ दिसत होती. एक वाक्य पुरे होतं. 'हा प्रसंग मी फक्त ताईंना दाखवला होता.' एवढं म्हटलं की अकरा वर्षांची अब्रू मातीत. संध्याकाळपर्यंत नवऱ्याच्या कानावर, उद्या सकाळी सासूबाईंच्या. आणि या क्षणीसुद्धा, लाज वाटायची सोडून, थोरलीला त्या बंद दाराचा हेवा वाटत होता. आपल्याला आत बोलावून मॅडमनी शेवटचं दार कधी लावलं होतं, हे ती आठवत होती. माणसाचं मन किती हलकट असतं ते अशा वेळी कळतं.

धाकटी बाहेर आली आणि सरळ आपल्या टेबलाकडे गेली. मागोमाग मॅडम. त्या थोरलीजवळ थांबल्या.

"लोक काय काय कल्पना करतात," मॅडम म्हणाल्या. "असा प्रसंग कधी लिहिलाच नव्हता म्हणे. पण त्या माणसाचं एक बरोबर आहे. जुने प्रेक्षक दुखावले गेले तर चालायचं नाही. शेवटचा भाग तूच कर. जुनं माणूस बरं."

थोरलीला हवं ते मिळालं. आसपासच्या दोघातिघांनी अभिनंदन केलं आणि तिने हसून मान हलवली.

संध्याकाळी बसथांब्यावर गर्दी नव्हती. थोरलीला आता गप्प राहवेना.

"लिहिलाच नव्हता असं का सांगितलंस?" तिने विचारलं.

"मग काय सांगायचं होतं, ताई?"

"तुझा होता तो. आता तुला तो कुठेच वापरता येणार नाही."

"नाही येणार," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात राग शोधूनही सापडत नव्हता. "पण खरं सांगितलं असतं तर उद्या सकाळी आईंनी काय वाचलं असतं? घरात राहायचंय आपल्याला."

थोरलीने मान खाली घातली. "तो चांगला होता," ती म्हणाली. "फार चांगला होता. म्हणून मी..."

"ते कळलं मला. सकाळीच कळलं. आईंनी ते वाचलं तेव्हा शब्दन् शब्द माझा होता. मला वाटायचं, तुम्ही काढायला सांगितलं म्हणजे खरंच वाईट असणार. मी त्या रात्री फाडून टाकला तो."

बस आली. दोघी चढल्या.

शेवटचा भाग थोरलीने जीव ओतून लिहिला. सगळ्या राक्षसांचा हिशोब त्यात केला. पण मधे एका ठिकाणी काहीतरी बसत नव्हतं. शिकारी आपल्या पुतणीचा निरोप घेतो तिथे तो फार बोलत होता, की कमी बोलत होता, की नकोच ते बोलत होता. तिने तो चारपाच तऱ्हांनी लिहून पाहिला. अकरा वर्षांत तिला कधी कुणाला पान दाखवावं लागलं नव्हतं. आता तिला दाखवावंसं वाटलं, आणि दाखवावं असं या जगात एकच माणूस होतं.

ती जिना उतरून खाली गेली. धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. थोरलीने पानं तिच्यापुढे ठेवली आणि वाचतेस का विचारलं. धाकटीने हातातली घडी पूर्ण केली, हात पुसले आणि वाचायला घेतलं. सावकाश वाचलं. निरोपाच्या पानावर ती थांबल्यासारखी वाटली. पान उलटून परत मागे आली, पुन्हा पुढे गेली. टेबलावर पेन्सिल होती. थोरलीची नजर त्या पेन्सिलीवरून हलेना. धाकटीने ती उचलली नाही.

तिने पानं नीट जुळवली आणि परत दिली.

"छान झालंय, ताई."

"तो निरोप... लांबतोय ना?"

"मला नाही वाटलं."

"खरं सांग गं."

धाकटी हसली. शेजारपाजाऱ्यांना भेटली की हसते तसं, गोड आणि बेताचं.

"खरंच सांगतेय," ती म्हणाली. "यातलं काहीच काढू नका."